बसल्या जागचे विमान

विमान चालवायला माणूस प्रथम शिकला तो पिंपावर बसून, असे म्हटले तर ती कोणाला दिवाळीतली थट्टा वाटेल. परंतु तिचे छायाचित्र उपलब्ध आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये ‘आंत्वानेत’ नावाची विमाने तयार होत असत. ती चालविणे मोठे जिकिरीचे. नाक वर-खाली करायला एका हाताशी एक चाक आणि पंख कलते करायला दुसऱ्या हाताशी दुसरे चाक. शिकाऊ माणूस आकाशात गेल्यावर कोणते चाक कशासाठी हे क्षणभर जरी विसरला, तरी कारभार आटोपला! तेव्हा तेथल्या मंडळींनी एक युक्ती केली. लाकडी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक डुलते ठेवले, वरच्या भागावर खुर्ची आणि ती दोन चाके बसविली, विद्यार्थ्याला त्यावर चढविले, आणि बाजूला उभ्या राहिलेल्या गड्यांनी ते सारे प्रकरण हातांनी कलवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने चाके फिरवून समोरची दांडी दूरच्या क्षितिजाशी जुळवून धरायची. बसल्या जागी विमान शिकण्याच्या विद्येचा हा एक आरंभ.

हा इतिहास शनिशिंगणापुरात बसून लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या गावाची ख्याती वेगळी. उघड्या चौथऱ्यावरची शनिदेवाची काळी शिळा आणि परंपरेने दारे नसलेली घरे, या दोन गोष्टींसाठी लोक देशभरातून येथे येतात. २०११ च्या जानेवारीत एका सरकारी बँकेने येथे बिनकुलपाची शाखा उघडली तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले होते. पण विमानाचा आणि आमचा संबंध कधी डोक्यावरून गेले तर मान वर करून पाहण्यापलीकडे नव्हता. तो गेल्या वर्षी माझ्या पुतण्यामुळे जडला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने ओसरीवर एक खुर्ची मांडली, तिच्यापुढे संगणक ठेवला आणि खुर्चीला विमानासारखी थरथर आणण्याचा उद्योग आरंभिला. मी उभी हयात शाळेत इतिहास शिकविलेला माणूस. मला मोटर कळत नाही; परंतु “हे आधी कोणी केले होते का?” हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. त्या शोधात जे हाती लागले ते खुर्चीहूनही मनोरंजक निघाले.

पिंपानंतरची दुसरी महत्त्वाची खुर्ची वैद्याची आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके फिरले की नळी फिरते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदूला कळते की आपण वळलो. परंतु फिरणे एकाच वेगाने चालू राहिले, तर थोड्या वेळाने द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि मेंदूला वाटते की आपण स्थिर आहोत. मग फिरणे थांबविले की उलट्या दिशेने फिरल्याचा भास होतो. जत्रेतल्या चक्रीपाळण्यातून उतरलेले पोर ज्या कारणाने भेलकांडते, तेच हे कारण.

१९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रिसी फील्ड या लष्करी तळावर डॉ. डेव्हिड मायर्स यांनी विल्यम ऑकर नावाच्या अनुभवी वैमानिकाला फिरत्या खुर्चीत बसविले आणि डोळे मिटायला सांगितले. कोणत्या बाजूला फिरतो आहेस, हे ऑकरला सांगता येईना. खुर्ची थांबली तरी तो म्हणे, मी उलटा फिरतो आहे. मुरलेला वैमानिक हा! दुसरा कोणी असता तर रागावून निघून गेला असता. ऑकर पुन्हा आला तो एक पेटी घेऊन. पेटीत वळण दाखविणारे एक भोवऱ्याचे उपकरण आणि उजेडासाठी एक दिवा होता. डोके पेटीत घालून तो खुर्चीत बसला आणि या खेपेस प्रत्येक उत्तर बरोबर दिले. कारण आता तो शरीराला विचारत नव्हता, काट्याला विचारत होता. त्या काळचे वैमानिक अभिमानाने म्हणत की विमान आम्ही बुडाखालच्या जाणिवेने चालवितो. ढगात शिरल्यावर हीच जाणीव माणसाला फसवते, हे त्या खुर्चीने दाखवून दिले. पुढे ऑकर आणि कार्ल क्रेन यांनी मिळून १९३२ साली अंध उड्डाणावर एक ग्रंथच लिहिला.

आता खरा नायक येतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविनला विमानाचे वेड लागले. शिकण्याचा खर्च फार आणि विमानात मिळणारा वेळ थोडा. ऑर्गनमध्ये हवेने फुगणारे आणि रिते होणारे चामड्याचे भाते असतात. आपल्याकडच्या पायपेटीची आठवण करा. लिंकने ते भाते एका ठेंगण्या, आखूड पंखांच्या लाकडी विमानाखाली बसविले. दांडा पुढे रेटला की पुढचा भाता रिता होई आणि नाक खाली जाई. बाजूला कलविला की त्या बाजूचा भाता बसे. कारखान्याच्या तळघरात खपून १९२९ पर्यंत त्याने हे यंत्र सिद्ध केले आणि पेटंटासाठी अर्ज केला. ते पेटंट १९३१ साली मिळाले. त्याच्या शीर्षकात वैमानिकांच्या शिक्षणाबरोबर करमणुकीचाही उल्लेख आहे, कारण शिक्षणासाठी ते विकत घ्यायला कोणी तयार नव्हते! सुरुवातीची यंत्रे गेली ती करमणुकीच्या बागांत, नाणे टाकून बसायचा खेळ म्हणून.

ते १९२९ साल मोठे विलक्षण. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला मुंबईत जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाने झाकलेल्या बैठकीत बसून, बाहेरचे काही न पाहता, केवळ उपकरणांवर विमान उडविले आणि उतरविले. ऑकरच्या पेटीची ती पुढची पायरी होती. आणि त्याच वर्षी लिंकचे लाकडी विमान जत्रेत पोरांना झुलवू लागले होते. या तिघांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरविले. आणि लिंकच्या यंत्राचे भाग्य उघडले तेही टपालानेच, पण फार दुःखद रीतीने.

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने खासगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द केले आणि काम लष्कराच्या वैमानिकांवर सोपविले. हिवाळा कडक, रात्रीची उड्डाणे, आणि उपकरणांवर उडण्याचा सराव बहुतेकांना नाही. थोड्याच आठवड्यांत डझनभर माणसे गेली. तेव्हा जत्रेतले खेळणे लष्कराला आठवले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सहा यंत्रे विकत घेण्यात आली, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलर्सना. दुसऱ्या महायुद्धात हे यंत्र ‘निळी पेटी’ म्हणून जगभर ओळखले गेले. दहा हजारांहून अधिक यंत्रे तयार झाली आणि लाखो वैमानिकांनी त्यांत घाम गाळला. विद्यार्थी आत बसला की वरून झाकण लावीत. बाहेर टेबलाशी शिक्षक बसे आणि नकाशावर फिरणारी शाईची सुई विद्यार्थ्याचा मार्ग काढीत जाई.

माझ्या पुतण्याच्या दृष्टीने या निळ्या पेटीतली खरी मौज पुढे आहे. तिच्यात खडबडीत हवेचे धक्के देण्याची सोय होती. शिवाय विमान ‘स्टॉल’ होऊ लागले की सबंध पेटी थरथरविणारी एक मोटरही होती. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर उचलले, की पंखावरून चिकटून वाहणारी हवा पंख सोडून उधळते. पंखाचा आधार जातो, आणि ती उधळलेली हवा मागच्या शेपटीवर आदळून विमान थडथडू लागते. ही थडथड म्हणजे पडण्याच्या आधीची हाक. म्हणून ती शिकविणाऱ्या यंत्रात हवीच. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “काका, म्हणजे मी करतोय ते नव्वद वर्षांपूर्वीच झालंय?” मी म्हटले, “झालंय, पण पायपेटीच्या भात्यावर. तू फवारणीच्या पंपावर करतोयस.”

हे अक्षरशः खरे आहे. पाठीवरच्या बॅटरीच्या फवारणी पंपात जी १२ व्होल्टची मोटर असते, तशी एक त्याने जुन्या पंपातून काढली. लेथवर जाऊन लोखंडाचा एक तुकडा कातून घेतला आणि त्याला मध्यावर नव्हे, तर एका कडेला भोक पाडून तो मोटरच्या दांड्यावर बसविला. असा एककल्ली तुकडा फिरू लागला की मोटर जागच्या जागी नाचते आणि ज्याला ती जखडली असेल त्यालाही नाचवते. आपल्या खिशातला फोन थरथरतो तोही याच तत्त्वाने. तुकड्याचा भार चाळीस ग्रॅम आणि त्याचा जडपणा मध्यापासून दीड सेंटिमीटर दूर असेल, तर मिनिटाला १२०० फेऱ्यांना त्याचा हिसका साधारण एक किलो वजनाएवढा होतो. आणि फेऱ्या दुप्पट केल्या की हिसका दुप्पट नव्हे, चौपट. हा चौपटीचा हिशेब पुतण्याने कागदावर मांडला होता, तरी पहिल्या दिवशी खुर्ची ओसरीवरून हातभर सरकली. मग तिच्या पायांखाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या चकत्या आल्या आणि मोटरीवर पत्र्याचे जाड टोपण आले. तुकडा निसटला तर तो गोफणीच्या गोट्यासारखा सुटेल, हे लेथवाल्यानेच बजावले होते. भल्या माणसाचा सल्ला पोराने ऐकला, हे बरे केले.

आमच्याकडे दारे नसल्यामुळे या उद्योगात गुप्तता मुळीच नव्हती. येणारा-जाणारा डोकावे, घटकाभर खुर्चीत बसे आणि मत देऊन जाई. एकाने तिला घोडेगावच्या रस्त्यावरच्या बैलांच्या रसवंतीची उपमा दिली. लाकडी चरकाच्या दांडीवर पोर बसले की बैलाच्या चालीचा हिसका जसा लागतो, तसा म्हणे हिचा हिसका. आमच्या वडिलांनी, म्हणजे पुतण्याच्या आजोबांनी, दोन दिवस घरघर सोसली आणि तिसऱ्या दिवशी विचारले, “अरे, ही खुर्ची हाये का पिठाची गिरण?” पुतण्या म्हणाला, “आजोबा, विमान असंच थरथरतं.” म्हातारा विमानात कधी बसला नव्हता, परंतु त्याने जे उत्तर दिले ते मला फार मोलाचे वाटते. “मग गिरणीवाल्याला कुठं ऐकू येती गिरण? ती बंद पडली की त्याला कळतं.”

या बोलण्यात शरीरशास्त्र आहे. कंपन ओळखणाऱ्या ज्या गाठी आपल्या त्वचेच्या खोल थरात असतात, त्यांचे वर्णन फिलिप्पो पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. त्या बदलाला जागतात. एकसारखी थरथर चालू राहिली की माणसाला ती जाणवेनाशी होते. पुतण्याची खुर्ची इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकाच सुरात थडथडत होती, त्यामुळे पाच मिनिटांनी ती काहीच सांगत नव्हती. केवळ आजोबांची झोप मोडत होती.

मग त्याने पुन्हा बैठक मांडली. संगणकावर तो ‘फ्लाइटगिअर’ वापरतो. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून घडविलेला, फुकट मिळणारा हा कार्यक्रम १९९७ साली प्रथम बाहेर आला. (या मार्गावरचा आद्य पुरुष ब्रूस आर्टविक. त्याने १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला आणि त्याच्याच कामातून १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा सुप्रसिद्ध विमानाचा खेळ निघाला.) फ्लाइटगिअर विमानाचा वेग, इंजिनाच्या फेऱ्या, चाके जमिनीला टेकली आहेत की नाहीत, हे सारे आकडे सेकंदाला अनेकवार बाहेर देऊ शकतो. पुतण्याने ते आकडे इटलीत जन्मलेल्या अर्दुइनो नावाच्या छोट्या कार्डाकडे वळविले आणि कार्डाने मोटर चालविली. पण नुसत्या मोटरीत एक खोड आहे. तिची थरथर जलद हवी असेल तर ती जोरातही होते. जलद पण हलकी, असे तिला जमत नाही. ते जमते स्पीकरला. तेव्हा मोडीत निघालेल्या एका टेपचे दोन मोठे स्पीकर आणून, त्यांच्या पडद्याच्या मध्यभागी वजन चिकटवून, ते त्याने बैठकीच्या फळीखाली उलटे बसविले. आता इंजिनाची बारीक गुणगुण स्पीकरकडे आणि दणके मोटरीकडे, अशी वाटणी झाली.

गुणगुण किती बारीक, याचाही हिशेब आहे. शिकाऊ वैमानिकांचे आवडते सेस्ना १७२ हे विमान १९५६ पासून विकले जाते. त्याचे इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला चाळीस झाल्या. पंखा दोन पात्यांचा, म्हणून पात्यांचे तडाखे सेकंदाला ऐंशी. आणि चार सिलिंडरांचे स्फोटही योगायोगाने ऐंशीच. हा ऐंशीचा सूर त्याने इतका मंद ठेवला की बसणाऱ्याला तो आहे असे वाटत नाही, पण काढला तर चुकल्यासारखे होते. मोठा आवाज राखून ठेवला तो तीन गोष्टींसाठी: धावपट्टीचा खडखडाट, चाके टेकल्याचा दणका आणि स्टॉलची थडथड.

या नव्या खुर्चीत मी बसलो तेव्हा सगळ्यात खरे वाटले ते कंपन नव्हे, कंपनाचे थांबणे. विमान धावपट्टीवर धावू लागले, खडखड वाढत वाढत गेली, आणि चाके सुटताक्षणी खुर्ची एकदम निःशब्द झाली. पोटात चक्क गोळा आला. समोर पडद्यावर चित्र होते, बाजूला चिवड्याचे ताट होते, रस्त्यावरून शनिदर्शनाच्या गाड्या चालल्या होत्या. तरी शरीराची खात्री पटली की जमीन सुटली.

खोट्या हादऱ्यांनी माणसाला असे फसविण्याचा नाद जुना आहे. १९५९ साली विल्यम कॅसल या हॉलिवूडच्या निर्मात्याने एका भयपटासाठी चित्रगृहातल्या काही खुर्च्यांखाली मोटरी बसविल्या आणि ऐन भीतीच्या वेळी प्रेक्षकांना गदगदा हलविले. त्या मोटरी विमानाच्या पंखांवरचे बर्फ झटकण्यासाठी केलेल्या, युद्धातून उरलेल्या मालातल्या होत्या असे सांगतात. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटात प्रचंड स्पीकरांनी सबंध चित्रगृहच दणाणून सोडण्यात आले. पण करमणुकीतला हादरा खोटा असला तर तक्रार कोण करणार? शिकविणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. आज विमानकंपन्या ज्या श्रेष्ठ दर्जाच्या सिम्युलेटरवर वैमानिकांना तयार करतात, ते सहा पायांवर डोलणाऱ्या चौथऱ्यावर उभे असतात. एरिक गॉफ यांनी १९५० च्या दशकात मोटारीचे टायर तपासण्यासाठी असा सहा पायांचा सांगाडा केला होता आणि १९६५ साली स्टुअर्ट यांनी विमानविद्येसाठी त्याचा निबंध मांडला. अशा सर्वोच्च श्रेणीच्या यंत्रातली स्टॉलची थडथड खऱ्या विमानात मोजलेल्या कंपनाशी ताडून पाहावी लागते. नुसती अंदाजाने चालत नाही. आणि तरीही, यंत्र हलण्याने शिक्षण खरोखर किती सुधारते, यावर संशोधकांचे एकमत नाही.

आमच्याकडची घरगुती विमानविद्या काही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनांचे खरे विमान बांधले, २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणीही झाली. त्यापुढे आमची खुर्ची म्हणजे बाळलीलाच. तरी पुतण्याचे स्वप्न खुर्चीपुरते नाही, हे घरात सर्वांना माहीत होते. त्याला वैमानिक व्हायचे आहे. त्याच्या वडिलांचे म्हणणे, लाखांनी पैसे लागणार, ऊस काही तेवढा पिकत नाही. आणि पैसे मिळाले तरी आकाशात जीव आहे. मला ते म्हणाले, “तू त्याला इतिहास सांगतोस ना? मग पडलेल्या विमानांचाही सांग.”

म्हणून मी त्याला १ जानेवारी १९७८ ची रात्र सांगितली. एअर इंडियाचे पहिले जंबो जेट ‘एम्परर अशोका’ सांताक्रूझहून दुबईला निघाले. विमानात २१३ माणसे होती. पश्चिमेकडे उड्डाण केले की किनारा संपताच पुढे नुसता अंधारा समुद्र; दिवे नाहीत, क्षितिज नाही. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे वळण घेतले आणि ते सरळ झाले. परंतु कप्तानापुढचे कृत्रिम क्षितिज बिघडले होते. विमान उजवीकडेच कललेले आहे असे ते दाखवीत राहिले. कप्तानाने ते सरळ करण्यासाठी डावीकडे कलविले, आणखी कलविले. सहवैमानिकापुढे तसलेच दुसरे उपकरण होते, मधोमध तिसरे होते, आणि ती ठीक होती. फ्लाइट इंजिनिअरने बिघाडाकडे लक्ष वेधायचा प्रयत्नही केला. उड्डाणानंतर अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात पडले. कोणीही वाचले नाही.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, शरीराला कळलं नसेल का, आपण डावीकडे कलतोय ते?” मी त्याला ऑकरची खुर्ची आठवायला सांगितली. विमान सावकाश आणि डौलाने कलत असेल तर बैठकीला ओढ सरळ खालीच जाणवते. ताटातले पाणीसुद्धा सांडत नाही. तेथे बुडाखालची जाणीव मुकी असते, नव्हे, ती खोटी साक्ष देते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर त्याने संगणकावर मुंबईचा विमानतळ आणला, वेळ रात्रीची केली, आणि सेस्नात बसून पश्चिमेकडे उड्डाण केले. कृत्रिम क्षितिज वाटेत केव्हातरी बिघडेल अशी सोय त्या कार्यक्रमात करता येते. ती त्याने मला करायला सांगितली, म्हणजे कधी ते त्याला कळू नये. घरातली सगळी मंडळी ओसरीवर जमली होती, त्याचे वडीलही. खडखडाट झाला, चाके सुटली, खुर्ची शांत झाली. पडद्यावर काळोख. मी कळ दाबली. काटा हळूहळू लोळू लागला, पुतण्याने त्याच्या मागे दांडा नेला आणि विमान वळत वळत खाली जाऊ लागले. खुर्ची गुणगुणत राहिली, अगदी समाधानाने. स्टॉल नव्हता, म्हणून थडथड नव्हती; जमीन नव्हती, म्हणून खडखड नव्हती. तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हतेच. अखेर उंचीचा काटा गरागरा उतरताना त्याला दिसला. पण तोवर पाणी आले होते. दणक्याने खुर्ची हलली आणि लहान पोरे हसली. मोठे कोणी हसले नाही.

दुसऱ्या खेपेस त्याने नजर एका काट्यावर ठेवली नाही. क्षितिज काय म्हणते, वळणदर्शक काय म्हणतो, दिशा बदलते आहे का, उंची घटते आहे का, असे तो चारी उपकरणांना पुन्हापुन्हा विचारत राहिला. दोन काटे एक सांगू लागले आणि क्षितिज दुसरे, तेव्हा त्याने वहीतला कागद फाडून क्षितिजाच्या चित्रावर चिकटविला आणि बाकीच्यांवर विमान नेले. पंधरा मिनिटांनी तो परत येऊन धावपट्टीवर उतरला. चाके टेकल्याचा दणका बसला तेव्हा सबंध ओसरीने श्वास सोडला. त्याच्या वडिलांनी विचारले, “खऱ्या विमानात कागद चिकटवतात का?” पुतण्याने सांगितले की बंद पडलेले उपकरण झाकण्याची रीत खरीच आहे. वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी शिकण्याच्या संस्था बारामतीला आहेत ना, असे विचारले आणि ते झोपायला गेले.

खुर्चीत त्यानंतर एकच बदल झाला आहे. उजव्या हाताशी घरातल्या दिव्याचे असते तसले साधे बटण आहे. ते खाली केले की मोटर आणि स्पीकर दोन्ही गप्प होतात. ढगांतले आणि रात्रीचे उड्डाण असले की पुतण्या ते निघण्यापूर्वीच खाली करतो. आजोबांना त्याची ही रात्रीची उड्डाणे फार पसंत आहेत.